दहा जणांत एक बाटली

कोविशिल्डच्या एका बाटलीत पाच मिलिलिटर औषध असायचं. माणशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे दहा जणांत एक बाटली. बुचात एकदा सुई घातली की चार तासांत ती संपवायची, उरलं तर फेकून द्यायचं. औषध वाया गेलं तर वर जाब द्यावा लागायचा, म्हणून 2021 च्या त्या उन्हाळ्यात लसीकरण केंद्रावरच्या सिस्टर आधी डोकी मोजायच्या आणि मगच बाटलीला हात लावायच्या. हे मला कळलं आणि जिवात जीव आला. दुपारी उशिरा जायचं. आधीची बाटली संपलेली असणार, नवीसाठी दहा डोकी जमणार नाहीत, ‘कल आइए’ म्हणतील. मग घरी येऊन पंख्याखाली पाय पसरायचे आणि सरकारी कारभाराला मनसोक्त नावं ठेवायची. मी गेलो होतो, हे सांगायला मोकळा.

मी भित्रा आहे. तसा मी सरसकट भित्रा नाही. ग्वाल्हेरात हजीऱ्याहून महाराज बाड्यापर्यंत टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धं बूड बाहेर काढून, आयुष्यभर प्रवास केलेला माणूस आहे मी. पण सुई दिसली की गुडघे माझं ऐकत नाहीत. शाळेत कॉलऱ्याची लस टोचायला माणसं आली की मी मागची भिंत ओलांडून थेट घरी यायचो, आणि आई मला कानाला धरून पुढच्या दारानं परत न्यायची.

आईचं आणि लशीचं पहिल्यापासून जमतं. मी अंगावर पिणारा होतो, तेव्हा देवी टोचणारा माणूस मिलच्या कामगारवस्तीतल्या लाइनींतून फिरायचा. तो दिसला की बायका पोरांना खाटेखाली, गव्हाच्या कोठीमागे, जिथं जागा मिळेल तिथं लपवायच्या. ‘मी नाही लपवलं. मी हाक मारून बोलावलं त्याला,’ हे आई अजून चारचौघांत सांगते. त्या हाकेचे दोन गोल व्रण माझ्या दंडावर आहेत. पुढं 1975 साली देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि देवी गेली ती गेलीच. माझा जन्म 1973 चा. आईनं जरा कळ काढली असती तर निभावून गेलं असतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. तिनं उत्तर दिलं नाही, नुसतं लाटणं खाली ठेवलं.

आम्ही बिर्ला नगरचे. ग्वाल्हेरची जुनी मराठी घरं बहुतेक लष्करात. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमाराला तिथं सैन्याचा तळ टाकला, तो तळ काही परत उठला नाही, त्याचंच शहर झालं. आमचे वडील मात्र जियाजीराव कॉटन मिलच्या टाइम ऑफिसात कारकून, म्हणून आम्ही लष्कर सोडून इकडे मिलच्या सावलीत आलो. 1921 ची ती जेसी मिल नव्वदीच्या दशकात बंद पडली. भोंगा गेला, कामगारांची देणी कोर्टात अडकली, आणि आम्ही ‘मिलवाले’ म्हणून तसेच राहिलो. दर पाडव्याला गुढी उभारली की लाइनीतलं कुणीतरी नवं बिऱ्हाड येऊन विचारतं, ‘आंटीजी, ये लोटा उल्टा क्यों टाँगा है?’ आणि आई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसते.

1 मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. आई शहात्तरची. ती त्याच आठवड्यात जाऊन टोचून आली. लशीनंतर अर्धा तास बसवून ठेवायचे, तेवढ्या वेळात तिनं शेजारच्या बाईकडून आवळ्याच्या मुरंब्याची कृती घेतली आणि आपल्याकडची गोड्या मसाल्याची दिली. तिच्या या उत्साहाला एक कारण होतं. तिचं माहेर सदाशिव पेठेतलं, आणि लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची. 12 जानेवारीच्या पहाटे पूजा करून लशीचे पहिले ट्रक बाहेर पडले, ते तिनं टीव्हीवर हात जोडून पाहिलं होतं. ‘दौलतरावांनंतर पुण्याहून ग्वाल्हेरला धड अशी ही एकच गोष्ट आली,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘आणि मी.’

मार्चात पंचेचाळीस ते साठ वयाच्या लोकांना काहीतरी मोठा आजार असेल तरच लस मिळत होती. मला बीपी नाही, शुगर नाही, हृदय ठणठणीत. तब्येतीचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. लाइनीत कुणी विचारलं की मी खेदानं मान हलवायचो, ‘हमारा नंबर कहाँ, हमें तो कुछ है ही नहीं.’ 1 एप्रिलला सरकारनं ती अट काढून टाकली. तारीख बघून मला आधी वाटलं, गंमत असेल.

तोवर हवा फिरली होती. तो एप्रिल कसा होता ते ज्याला आठवायचं त्यानं आठवावं, मी इथं काढत नाही. लाइनीत रात्री ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की आम्ही तो आपल्या घरावरून पुढं जाईपर्यंत बोलायचं थांबायचो, एवढंच सांगतो. बायको आता लशीसाठी मागं लागत नव्हती, नुसती बघायची. ते जास्त वाईट. लेक बीएस्सीला, तिच्या तोंडी सगळा इतिहास. ‘बाबा, हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 10 जानेवारी 1897, मुंबईत. दहा मिलिलिटर! तुम्हाला अर्धा देताहेत.’ मी म्हटलं, त्याला कुणी घरून पाठवलं नव्हतं, तो आपल्या मर्जीनं गेला होता. मग तिनं आणखी मागं जाऊन 14 जून 1802 काढलं. मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला देवीची लस टोचली, हिंदुस्थानातली पहिली. वय वर्षे तीन. यावर ‘तिला कुणी विचारलं होतं का?’ एवढंच मला सुचलं. आतल्या खोलीतून आई म्हणाली, ‘तुलाही विचारलं नव्हतं.’

11 ते 14 एप्रिल देशभर टीका उत्सव होता. जोतिबा फुल्यांच्या जयंतीपासून आंबेडकर जयंतीपर्यंत जास्तीत जास्त लोकांना लस. त्यात 13 तारखेला आला गुढीपाडवा. आईला एवढं पुरे होतं. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायचं कारण नाही, सोनं घ्यायची ऐपत नाही, तर निदान लस घे. सकाळी गुढी उभारून झाल्यावर तिनं माझ्या तळहातावर कडुनिंब, गूळ, ओवा, हिंगाची गोळी ठेवली आणि म्हणाली, ‘हे गिळतोस, मग ते काय?’ मी गोळी गिळली. कडुनिंबाची कधी कुणाला भीती वाटलेली नाही, असं म्हणणार होतो, पण तोंड कडू झालं होतं.

आता कुर्त्याचं सांगायला हवं.

वडिलांनी मिलच्या दुकानातून कामगारांच्या भावात घेतलेला पांढऱ्या सुती कापडाचा एक तागा आईच्या ट्रंकेत होता. मिल बंद पडल्यावर तिनं त्याला कात्री लावू दिली नव्हती. पुढं उशांचे अभ्रे, लेकीचा शाळेचा एप्रन असं करत करत तो संपत आला आणि शेवटी जो तुकडा राहिला, त्यात ‘बाळचा कुर्ता’ असं ठरलं. बाळ म्हणजे मी. हजीऱ्याच्या टेलरमास्टरांनी टेप लावला, कापड मोजलं, माझं पोट मोजलं, परत कापड मोजलं. ‘निकल तो आएगा. बाँहें ज़रा कसी रहेंगी.’ कसी म्हणजे किती, ते पाडव्याला कळलं. मनगटापासून दंडापर्यंत बाही अशी घट्ट की नाडी बघायची तर कापडावरूनच बघता आली असती. पण वरून रूप झकास दिसत होतं. बायको म्हणाली, अगदी लग्नातल्यासारखे दिसता. आत जुनं बनियन होतं. पाडव्याला नवं वस्त्र अंगावर घालायचं असतं, आत काय घालायचं याबद्दल शास्त्रात काही नाही.

साडेतीन वाजता, ऊन अजून रणरणत असताना, मी निघालो. केंद्र एका शाळेत होतं. व्हरांड्यात टेबल, टेबलामागं सिस्टर, निळा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या. बाकावर मोजून तीन माणसं. माझं मन भरून आलं.

‘शीशी नई खोलनी पड़ेगी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘दस चाहिए. आप चार हुए.’

‘तो फिर कल?’ मी शक्य तेवढ्या निराशेनं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र कुर्ता, कपाळाला गंध, तोंडाला मास्क. त्यांना वाटलं असणार, हा कुणीतरी मोहल्ल्यातला वजनदार माणूस आहे. ‘भाईसाब, आप तो यहीं के लगते हो. छह लोग ले आओ ना. त्योहार का दिन है, ये बेचारे कब से बैठे हैं.’ बाकावरचे तिघं माझ्याकडे आशेनं बघायला लागले. त्यातल्या एका म्हातारबाबांनी तर मला हात जोडले.

म्हणून लशीला भिणारा मी लशीचा प्रचार करायला लाइनीत निघालो. हात हलवत परत आलो की आपोआप सुटका, हे डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे मी प्रचार असा केला की ऐकणाऱ्यानं दार लावून घ्यावं. खोटं मात्र एक अक्षर बोललो नाही. ताप येतो, अंग मोडून येतं, हात दोन दिवस वर होत नाही, अर्धा तास अडकवून ठेवतात, सगळं सांगितलं.

पहिलं घर मिलच्या एका निवृत्त विणकराचं. लाइनीत सगळे त्यांना ताऊ म्हणतात. ताऊंचं वय सत्तरीच्या पुढं, पण ‘हमें क्या होगा’ म्हणून मार्चपासून बसून होते. मी म्हटलं, दुखतं हो ताऊ. ताऊंनी उजवा हात पुढं केला. मधल्या बोटाचं वरचं पेर नाही. मागावरून उडालेला धोटा लागला होता, त्या दिवशी पट्टी बांधून त्यांनी पाळी पुरी केली होती, हे सगळ्या लाइनीला पाठ आहे. ‘दुखता है? हमसे कह रहे हो दुखता है?’ आणि ते उठून चपला शोधू लागले. घरातून त्यांच्या मेहुण्यालाही हाताला धरून काढलं, कारण मेहुणा दुखतं म्हटल्यावर गप्प बसला होता आणि ते ताऊंना खपलं नाही.

पुढच्या घरी नवराबायको ओट्यावर पेपरानं वारा घेत बसले होते. सकाळपासून लाइट नव्हती. अर्धा तास नुसतं बसवून ठेवतात, असं मी सांगितलं. बाईंनी विचारलं, ‘वहाँ पंखा है?’ शाळेत पंखा फिरत होता, मी पाहिला होता. मला खोटं बोलता आलं नाही. दोघंही कुलूप लावून निघाले.

नाक्यावर टेलरमास्टर भेटले. दुकान अर्धं उघडं होतं. रात्री चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवसापासून रोजे. ‘फिर महीना भर कौन जाएगा, आज ही निपटा लेते हैं,’ असं म्हणत ते सायकलवर बसले आणि मला आपादमस्तक न्याहाळून समाधानानं म्हणाले, ‘फिटिंग देखो!’

पाच झाले. एक डोकं कमी. मला हायसं वाटलं. लगबगीनं परत फिरलो तर मंदिराच्या ओट्यावरून पंडितजींनी हाक मारली. त्याच दिवशी चैत्र नवरात्र बसलं होतं, त्यांचा उपास. मी म्हटलं, पंडितजी, तुम्ही येऊ नका, उपाशी पोटी लस घ्यायची नसते. हे मी अगदी मनापासून सांगितलं. त्यांनी कमंडलू उचललं. ‘आधा किलो साबूदाना खाया है सुबह से, भूखा कौन है?’

दहा भरले. मला वरातीतल्या नवरदेवासारखं पुढं घालून सगळे शाळेत घेऊन गेले. सिस्टरनी निळ्या डब्यातून बाटली काढली, माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘वाह भाईसाब, आप जैसे लोग हों तो कोरोना भाग जाए,’ आणि बक्षीस म्हणून मला पहिला नंबर दिला. मी म्हटलं, ज्येष्ठांना आधी घ्या. ताऊ म्हणाले, जो घेऊन आला त्याचा मान पहिला. यावर टाळ्या पडल्या.

खुर्चीवर बसलो. सिस्टर म्हणाल्या, बाही वर करा. मी बाही वर करू लागलो. ती मनगटावरून दोन बोटं सरकली आणि थांबली. मी ओढली. टेलरमास्टर मागून म्हणाले, ‘धीरे, सिलाई है.’ कोपराच्या खाली कापडाची एक जाड वळकटी झाली, हाताची बोटं निळसर दिसायला लागली, पण दंड काही उघडा पडेना. सिस्टरनी सिरिंज भरून हातात धरली होती. ती मी पाहिली. मग मला बाहीचं काही सुचेना. सुई किती लांब असते, हे मी इथं लिहीत नाही. कारण लेक म्हणते ती इंचभरच असते आणि माझ्या आठवणीत ती निराळी आहे.

‘काट देते हैं,’ सिस्टर म्हणाल्या आणि ट्रेमधून कात्री उचलली. दंडापासून बाही उभी कापायची, दोन मिनिटांचं काम.

‘रुकिए!’ ताऊ उठून उभे राहिले. बाकावरून पुढं आले, माझ्या खांद्यावरचं कापड दोन बोटांत धरून चोळलं, उलट बाजू बघितली, किनारीवरून अंगठा फिरवला. तुटक्या बोटाचं उरलेलं पेर तिथंच थांबलं. ‘ये अपनी मिल का है,’ ते म्हणाले. कुणी काही बोललं नाही. ‘ये अब नहीं बनता, बहनजी. कैंची मत लगाना.’ मेहुण्यानंही येऊन हात लावून पाहिला. टेलरमास्टरांनी साक्ष काढली, की हो, तागा जुना होता, मीच शिवलाय. पंख्याची हवा खायला आलेल्या बाईंनी विचारलं, की कितीला पडलं. माझ्या खांद्याभोवती जेसी मिलची आठवण काढत चार माणसं उभी, आणि मी मध्ये, सुजत चाललेल्या पंजाकडे बघत.

शेवटी असं ठरलं, की कुर्ता काढावा. मी उभा राहिलो. डावा हात कसाबसा बाहीतून ओढून काढला, आणि घाईत गळ्याची बटणं न उघडताच कुर्ता डोक्यावरून वर घेतला. तो कानांपर्यंत आला आणि तिथं अडकला. चष्मा आडवा झाला, मास्कची दोरी एका बटणात गुंतली. आत सगळीकडे पांढरं. आईच्या ट्रंकेचा, डांबराच्या गोळ्यांचा वास. उजवा हात वर अडकलेला, डावा मोकळा लोंबत. बाहेर जगाला माझं बनियन दिसत होतं, हे मला तशा अवस्थेतही कळलं. कारण लहान आवाजात कुणीतरी म्हणालं, ‘इसमें तो हवा अच्छी आती होगी.’

‘ऐसे ही रहिए,’ सिस्टर म्हणाल्या. ‘इतनी बाँह काफ़ी है.’

आणि टोचली.

शाळेपासून तानसेनाचा मकबरा फार लांब नाही. तिथं चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला खाल्ला की गळा तयार होतो म्हणतात. ग्वाल्हेरात गवई व्हायला आलेल्यांनी तो पिढ्यानपिढ्या ओरबाडलेला आहे, आणि शाळा चुकवून आम्हीही तो पुष्कळ खाल्ला. त्याचा गुण मला आयुष्यात एकदाच आला. मी जो सूर लावला तो तार सप्तकातला होता यात शंका नाही. पण जेसी मिलचं कापड विणीला घट्ट. सगळा सूर आतच राहिला. नंतर पंडितजींनी कौतुकानं विचारलं, ‘आप अंदर कौन-सा मंत्र बोल रहे थे?’

टेलरमास्टरांनी बटण सोडवून मला बाहेर काढलं, तोवर आशा कार्यकर्तीनं फोटो घेऊन झाला होता. वर पाठवायला दर बाटलीमागं फोटो लागतो, म्हणाली. संध्याकाळी तो लाइनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला: ‘हमारे वार्ड के जागरूक नागरिक.’ फोटोत सिस्टर, सिरिंज, ताऊंचा अर्धा चेहरा आणि मधोमध डोकं नसलेला एक इसम. छातीपर्यंत भोकांचं बनियन, वर पांढरा ढग. तेवढ्यावर मला कुणी ओळखणार नाही, अशी माझी समजूत होती. दहा मिनिटांत पुण्याहून बहिणीचा फोन आला, ‘दादा, तूच ना रे तो?’ कसं ओळखलंस म्हटलं तर म्हणाली, ते बनियन मागच्या दिवाळीत दोरीवर वाळत होतं.

रात्री ताप भरला. ताप येणार हे सगळ्यांना माहीत होतं, मीच घरोघर सांगून आलो होतो. तरी एकशे एकचा आकडा बघितल्यावर मी बायकोला जवळ बोलावलं आणि बँकेची कागदपत्रं कुठं आहेत ते सांगू लागलो. ती म्हणाली, मीच ठेवलीत ती. आईनं पॅरासिटामॉलची गोळी दिली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि श्रीखंडाची वाटी माझ्यासमोर बसून स्वतः संपवली, तापात आंबट नको म्हणून. सकाळी मी खडखडीत. ताऊंकडे चौकशीला गेलो तर ते गच्चीवर पाण्याची टाकी धूत होते. त्यांना काहीच झालं नव्हतं. मेहुणा मात्र झोपून होता, आणि ताऊ त्याच्यावर भारी खूश नव्हते.

तेव्हा दोन डोसांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर होतं. म्हणजे मेअखेर पुन्हा खुर्ची. एप्रिलच्या मध्यावर शहरात कोरोना कर्फ्यू लागला, घरात बसून मी कॅलेंडरकडे बघत राहायचो. 13 मे रोजी सरकारनं अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे केलं. लेक म्हणाली, यानं प्रतिकारशक्ती जास्त तयार होते, ब्रिटनमधला अभ्यास आहे. टीव्हीवर लोक चिडले होते, की लस कमी पडतेय म्हणून हे चाललंय. मी दोन्ही बाजूंशी सहमत होतो. आयुष्यात केंद्र सरकारच्या एखाद्या निर्णयानं मला व्यक्तिशः इतका आनंद दिला नव्हता.

पण बारा आठवड्यांत जग उलटंपालटं झालं. 21 जूनपासून अठराच्या पुढं सगळ्यांना फुकट लस. त्या एका दिवसात मध्य प्रदेशानं सोळा लाखांहून जास्त लोकांना टोचलं. एप्रिलात बाटलीला माणसं मिळत नव्हती, जुलैत माणसांना बाटली मिळेना. पहाटे टोकन वाटायचे, ते मिळवायला लोक रात्रीपासून चपला ठेवून जागा धरायचे. माझे बारा आठवडे भरले तेव्हा आई म्हणाली, जा. मी पहाटे गेलो, टोकन संपलेलं. दुसऱ्यांदा गेलो, संपलेलं. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी चवताळलो. जी सुई नको म्हणून मी लाइनभर लशीची बदनामी करत फिरलो, तीच मला मिळत नाही म्हणजे काय? एका पोरानं माझ्या चपलेच्या पुढं आपली चप्पल सरकवली तर मी त्याच्याशी भांडलो. हक्क, कायदा, ज्येष्ठ नागरिक हे सगळं बोललो. ज्येष्ठ मी नव्हतो, पण ताऊ बरोबर होते, त्यांच्या नावावर खपून गेलं.

या वेळी तयारी चोख होती. अर्ध्या बाह्यांचा ढगळ बुशशर्ट. आणि आत कोरं बनियन. कर्फ्यू उठल्यावर नया बाजारात जाऊन मी डझनभर घेतली होती, चांगल्यातली. शर्टाची वरची दोन बटणंही उघडी ठेवली. पण बुशशर्टाची बाही वर गेली, काम झालं. बनियनकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

सिस्टर त्याच होत्या. माझ्या दंडाला कापूस लावता लावता त्यांनी मागं उभ्या ताऊंना ओळखलं. बोटावरून ओळखलं असणार. ‘बाबूजी, आप लोगों के साथ वो कुर्तेवाले भाईसाब थे ना, उनका दूसरा डोज़ हुआ?’

ताऊंनी तोंड उघडायच्या आत मी मास्क नाकावर ओढून म्हणालो, ‘वो तो पूना चले गए.’

‘अच्छा,’ सिस्टर म्हणाल्या. ‘डरते बहुत थे बेचारे.’

ताऊंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी ते खोकल्यावर नेलं. त्या दिवसांत भर रांगेत कुणी खोकलं की काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या मागची अख्खी रांग, चपलांसकट, शाळेच्या फाटकापर्यंत मागं सरकली.